अकरावी सायन्स सोडून आयटीआय? की आधी बारावी होऊ द्यावी?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

माझा भाचा (दादाचा मुलगा) यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीला ७४ टक्के. गाव कराडपासून जवळच. घरी थोडा ऊस, दोन म्हशी, दादाची पतसंस्थेत नोकरी. निकाल लागला त्याच आठवड्यात वहिनीनं त्याला क्लाससकट सायन्सला घातलं. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास. सहामाहीत फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हींत उडाला, केमिस्ट्री काठावर. दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या मोटर भरणाऱ्याच्या (वाइंडिंगवाल्याच्या) दुकानात जाऊन बसायला लागला आणि सुट्टी संपली तरी क्लास बुडवून तिथंच. आता सरळच सांगतोय की मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय, अकरावी सोडतो.

दादा म्हणतो बारावी तरी हो, मग काय ते बघ. वहिनी दोन दिवस धड जेवली नाही. दोघांचेही फोन मला. मी बी.कॉम., बँकेत, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही.

आत्ताच सोडू द्यावं, की बारावी करून मग आयटीआय किंवा डिप्लोमा? बारावी नसल्याचं पुढं नडतं का? ज्यांनी हे केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगा. "मुलाला त्याच्या आवडीचं करू द्या" एवढंच लिहू नका, तसले सुविचार व्हॉट्सॲपवर रोज येतात.

चहाबाज

मुलाला त्याच्या आवडीचं करू द्या.

(पळतो.)

पाटी_पेन्सिल

चहाबाज, 😄

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आधी एक व्यवहाराची गोष्ट. आत्ता डिसेंबर आहे. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात, गुणवत्ता यादी दहावीच्या मार्कांवर लागते आणि वर्ग ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे त्यानं आज अकरावी सोडली तरी ऑगस्टपर्यंत तो घरीच. मग सोडायचं कशासाठी? अकरावीची वार्षिक परीक्षा कॉलेजचीच असते, बोर्डाची नाही. थोडा जोर लावला तर निघते. अकरावी पास होऊन आयटीआयला जाणं आणि अकरावी सोडून जाणं ह्यात फरक आहे. उद्या मन बदललं तर पहिल्या प्रकारात परतीची वाट राहते.

दुसरं, दाखला आत्ता काढू नका. मूळ एलसी आणि दहावीची गुणपत्रिका आयटीआयचा प्रवेश पक्का करताना लागते, तेव्हा काढायची. दरवर्षी एकदोन पालक रागारागात एलसी घेऊन जातात, आणि मग इकडं नाव नाही, तिकडं जागा नाही अशी गत होते.

माणदेशी_मोगरा

बारावी करूच द्या. पोलीस भरतीला बारावी लागते. गावाकडच्या पोराला भरती हा एक रस्ता कायम मोकळा असावा. आमच्या भावकीत दोघं आयटीआय होते, भरती निघाली आणि बारावी नाही म्हणून फॉर्म भरता आला नाही. नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली, तोवर एकाचं वय गेलं.

जुना_फिटर

पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीतून टूलरूममधून निवृत्त झालोय. आयटीआय फिटर, नंतर तिथेच अप्रेंटिस, मग कायम. तो काळ वेगळा होता हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी अंगावर यायला नको.

पोराला दुकानात बसायला आवडतं म्हणून लगेच आयटीआयला पाठवू नका. आयटीआयचं पहिलं वर्ष बघण्यासारखं नसतं, घासण्यासारखं असतं. आम्हाला फिटरला एमएसचा एक चौकोनी तुकडा दिला होता आणि एक फाईल. तो तुकडा काटकोनात आणायचा. ट्रायस्क्वेअर लावून खिडकीच्या उजेडात धरायचा, मधून उजेडाची रेघ दिसली की सर काही न बोलता परत व्हाइसकडे बोट दाखवायचे. हाताला फोड, मनगट सुजलेलं. ह्यातच काही पोरं गळायची. इलेक्ट्रिशियनलाही सुरुवातीला हे फिटिंगचं काम थोडं असतंच, मग वायरचे जॉइंट, सोल्डरिंग, बोर्ड भरणं. मोटरपर्यंत पोचायला वेळ लागतो, वाइंडिंगचा खरा भाग दुसऱ्या वर्षात.

म्हणून माझा प्रश्न असा की तो दुकानात बसतो म्हणजे काय करतो? बघतो, की करतो?

सायली_पुणे

मला वाटतं आधी ॲप्टिट्यूड टेस्ट करून घ्यावी. पुण्यात चांगले समुपदेशक आहेत.

चहाबाज

@सायली_पुणे, पोरगं क्लास बुडवून मोटरी भरतंय, अजून कसली टेस्ट घ्यायची?

कृष्णाकाठची

सर्वांचे आभार. पाटी_पेन्सिल सर, एलसीचं लगेच दादाला कळवलं. तो खरंच काढायला निघाला होता.

जुना_फिटर काका, मी काल त्याला हेच विचारलं. त्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला. पाच एचपीची विहिरीवरची मोटर, जळालेली. जुनी तार छिन्नीनं तोडून काढायची, त्याआधी कुठल्या खाचेतून कुठं गेलीय आणि किती वेढे आहेत ते वहीत लिहून ठेवायचं. खाचा साफ करून त्यात कागद बसवायचा, साच्यावर गुंडाळलेली नवी कॉइल एकेक तार करून आत सोडायची, वरून बांबूची पट्टी ठोकायची. शेवटी वार्निश. ही बांबूची पट्टी तो स्वतः तासतो म्हणे, आणि वेढे मोजायचं काम मालक आता त्याच्यावरच टाकतात. ती वही बघितली मी. फिजिक्सची जर्नल अशी लिहिली असती तर वहिनीनं पेढे वाटले असते.

जुना_फिटर

म्हणजे करतो. मग माझं मत आयटीआयच्या बाजूनं.

पण दुकान म्हणजेच ट्रेड (आयटीआयतला अभ्यासक्रम) असं त्याला वाटू देऊ नका. दुकानात मोटर कशी भरायची ते कळतं. ती जळली का, हे कळायला शिकावं लागतं.

वाळूजकर

दोन्ही बाजूंनी छान छान चाललंय म्हणून जरा उलटं लिहितो.

मी आयटीआय मशिनिस्ट, संभाजीनगरला. पास झालो, अप्रेंटिसशिप केली, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलं. अप्रेंटिस संपल्यावर कंपनीनं नमस्कार केला. कायद्यानं अप्रेंटिसला कायम करायची सक्ती कंपनीवर नाही, हे आत जाईपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर ठेकेदारामार्फत लागलो. काही महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच मशीनवर. गेटवर आयकार्डाचा रंग वेगळा, कँटीनमध्ये वेगळी रांग. माझ्या शेजारच्या मशीनवर कायम कामगार, काम तेच, पगार तिप्पट. मोठ्या कंपन्यांत आता कायम म्हणून घेणं फार कमी झालंय.

विद्यावेतनाचं म्हणाल तर २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्या अप्रेंटिसला किमान ७,००० रुपये महिना ठरला. ७,००० मध्ये वाळूजला खोली, मेस आणि गाडीचं पेट्रोल बसवून दाखवा.

आयटीआय करू नका असं म्हणत नाही. पण "हाताला काम मिळतं" हे अर्धंच वाक्य आहे. काम मिळतं, नोकरी मिळेलच असं नाही.

कुपवाड_वर्कशॉप

वाळूजकर, तुमचा अनुभव खरा असेल. पण मी छोटा कारखानदार म्हणून सांगतो, मला माणसं मिळत नाहीत. तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आहेत, ऑपरेटर दोन. ड्रॉइंग वाचता येणारा, मायक्रोमीटर नीट धरणारा मुलगा शोधून सापडत नाही. बी.ई. झालेले येतात, त्यांना टूल ऑफसेट कशाशी खातात माहीत नसतं आणि मशीनपाशी उभं राहायची लाज वाटते. आयटीआयचा तयार मुलगा आला तर मी हातचा सोडणार नाही.

सरळसोट

पगार किती देता?

कुपवाड_वर्कशॉप

कामावर अवलंबून आहे.

सरळसोट

नवीन मुलाला. सुरुवातीला. आकडा.

कुपवाड_वर्कशॉप

१४-१५ हजार. शिकला की वाढवतो. ओव्हरटाइम वेगळा.

माणदेशी_मोगरा

आमच्याकडं गवंड्याच्या हाताखालचा बिगारी रोजचे ७०० घेतो. वर दोन वेळा चहा.

कुपवाड_वर्कशॉप

मोगरा, बिगारी दहा वर्षांनी पण बिगारीच असतो. माझ्याकडचा सेटर आज ४० च्या वर घेतो. आणि कच्च्या मालाचे भाव, वीजबिल, मोठ्या कंपन्यांकडून नव्वद दिवसांनी येणारं पेमेंट, हे पण कधीतरी धाग्यात येऊ द्या की.

चहाबाज

धाग्याचं काश्मीर होण्याआधी आठवण करून देतो: भाचा. कराड. मोटर.

लेथवाली

मुलींच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी टर्नर केलं, सरकारी आयटीआयमधून. बॅचमध्ये मुलगी मी एकटी. घरच्यांचं म्हणणं होतं की मुलगी आहे तर ड्रेसमेकिंग घे, नाहीतर कोपा घे, कॉम्प्युटर तरी होईल. सर चांगले होते, लेथवर उभं केलं, वेणी टोपीत कोंबायला लावली आणि म्हणाले ओढणी घरी ठेवून यायची. अडचण शिकण्याची नव्हतीच. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींचं स्वच्छतागृह नव्हतं, ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागायचं.

आता कंपन्या असेंब्ली लाइनवर मुली मागून घेतात. पण मशीनवर अजूनही मुलीला सहज उभी करत नाहीत, क्वालिटीला बसवतात. मी पण क्वालिटीतच आहे. वाईट नाही, पण टर्नर शिकले आणि लेथला हात लागून बरीच वर्षं झाली.

कृष्णाकाठचीताई, बारावीबद्दल एक. मी आयटीआयनंतर बारावीचं प्रमाणपत्र घेतलंय. दोन वर्षांचा ट्रेड पास झालात की राज्य मंडळात आयटीआयचे विषय धरले जातात, भाषा विषयांचे पेपर द्यावे लागतात. क्रेडिट ट्रान्सफर म्हणतात त्याला. म्हणजे आयटीआयला गेलं की बारावी कायमची गेली हे खरं नाही. फक्त फॉर्म वेळेवर भरायचा आणि चौकशी आयटीआयच्या ऑफिसात पहिल्याच वर्षी करून ठेवायची, कारण तिथल्या क्लार्कलाच कधी कधी माहीत नसतं.

माणदेशी_मोगरा

हे माहीत नव्हतं. भावकीतल्या दुसऱ्याला सांगतो, त्याचं वय अजून बसतंय.

पाटी_पेन्सिल

लेथवालीताईंनी महत्त्वाचं लिहिलं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातही अशी सोय आहे.

पण मला मुलाच्या फिजिक्सबद्दल राहवत नाही. अकरावीच्या पुस्तकातच विद्युतधारेचा धडा आहे. बारावीत एसी सर्किट आहे, चुंबकीय प्रेरण आहे, ट्रान्सफॉर्मर आहे. जो मुलगा मोटरचे वेढे वहीत लिहितो त्याला ह्या विषयात शून्य रस कसा? मला वाटतं त्याला फिजिक्स कुणी शिकवलेलंच नाही, एमसीक्यू सोडवायला शिकवलंय. इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास जोडलेल्या प्रकारात हेच होतं. कॉलेजचं प्रॅक्टिकल नावाला, क्लासची टेस्ट दर रविवारी. पोराला दहावीच्या मार्कांवरून बॅच मिळते, शेवटच्या बॅचला शिकवणारे नवखे असतात, आणि सहा महिन्यांत त्याची खात्री पटते की आपण ढ आहोत.

एखाद्याने फॅराडेचा नियम त्याच जळक्या मोटरवरून समजावला तर? बारावी सायन्स नुसतं पास झाला तरी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

दहावी_ब

सर, तुमच्यासारखा शिक्षक त्याच्या कॉलेजात असता तर हा धागाच निघाला नसता.

आकडेमोड

पर्यायांचा घोळ होतोय, गणित मांडतो.

आज अकरावीत आहे. मार्ग पहिला: पुढच्या ऑगस्टला आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं. त्यानंतर वाटलं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, अजून दोन वर्षं. त्यातून वाटलं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मार्ग दुसरा: बारावी सायन्स पास, मग डिप्लोमा थेट दुसरं वर्ष. ह्यात डिप्लोमा एक वर्ष लवकर हातात येतो, पण बारावी पास व्हायला लागते आणि हाताचं कौशल्य आयटीआयइतकं येत नाही. मार्ग तिसरा, जो इथं कुणीच लिहिला नाही: पुढच्या जूनमध्ये दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकच्या, म्हणजे डिप्लोमाच्याच पहिल्या वर्षाला. तीन वर्षं. बारावीचं झेंगटच नाही. ७४ टक्क्यांना सरकारीत इलेक्ट्रिकल मिळेल की नाही ते त्या वर्षीच्या यादीवर, पण फॉर्म भरायला काय जातं?

दोन वर्षं "वाया" वगैरे मला पटत नाही. वाया जाणारं वर्ष एकच, हे चालू असलेलं, आणि तेही पास झाला तर नाही.

डिप्लोमा_वायडी

@आकडेमोड, कागदावर बरोबर. पण मॅथ्समध्ये उडालेल्या पोराला डिप्लोमा सुचवताना डिप्लोमात मॅथ्स असतं हे सांगायला विसरलात. माझं नाव वाचा. पहिल्या वर्षाच्या गणितात अडकलो, विषय राहिले, वायडी (इयर डाऊन) लागला, वर्षभर घरी. आणि आयटीआयवरून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या पोरांचे हाल मी बघितलेत. वर्कशॉपला राजे असतात, थिअरीच्या पेपरला डोळे पांढरे. बरेचसे इंग्रजीमुळे.

शेवटी झालो पास. आता मेंटेनन्सला आहे. पण ज्याचं त्याचं गणित आधी तपासा.

नेकारतीर

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून. तिकडच्या पद्धतीचा विषय अजून निघाला नाही ह्याचं आश्चर्य वाटलं, म्हणून मीच काढतो.

इथं इलेक्ट्रिशियन व्हायचं तर साडेतीन वर्षांचं आउसबिल्डुंग असतं. मुलगा आधी कंपनीशी करार करतो, आठवड्यातले बहुतेक दिवस तिथं काम आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळा. पहिल्या महिन्यापासून पगार, दरवर्षी वाढणारा. शेवटची परीक्षा ना कंपनी घेते ना शाळा, ती चेंबर, म्हणजे उद्योजक-कारागिरांची संस्था घेते. पुढं माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर होता येतं, आणि माइस्टर माणूस स्वतःचा धंदा काढतो, शिकाऊ घेतो. माझ्या घरी हीटिंग दुरुस्तीला येणारा माइस्टर आहे. त्याची वेळ मिळवायची तर तीन आठवडे थांबावं लागतं. आयटीतल्या मला वाट बघायला लावताना त्याला जरासुद्धा अपराधी वाटत नाही.

पण "जर्मनीत बघा" म्हणून भारतातल्या पोराला ढकलू नये. आउसबिल्डुंगचा कणा करार आहे. वाळूजकरांनी जे लिहिलंय त्यात नेमका तोच नाही. आणि इथंही आता पालकांचा ओढा विद्यापीठाकडेच आहे, कारागीर मिळत नाहीत ही रड इथंही रोजची.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आमच्या ह्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, कुशल मनुष्यबळाचा करार केला. इलेक्ट्रिशियनसारखीच माणसं त्यांना हवी आहेत. मात्र भाषा आल्याशिवाय काही नाही. उद्या भाच्याच्या डोक्यात हे आलं तर ट्रेडइतकाच वेळ जर्मनला द्यावा लागेल, आणि मधल्या एजंटांपासून लांब राहा.

सरळसोट

धागा वाचतोय. आयटीआय चांगलं, हाताला काम हवं, श्रमप्रतिष्ठा वगैरे. इथल्या ज्यांनी ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यापैकी किती जणांची स्वतःची मुलं आयटीआयत आहेत? हात वर करा.

चहाबाज

माझं लग्नच झालेलं नाही, मला ह्यातून वगळा.

सायली_पुणे

मुलाची आवड प्रत्येकाची वेगळी असते. ह्यात असं टोचून बोलायचं काय कारण?

सरळसोट

टोचलं म्हणजे लागलं.

दोन दिवस थांबलो. एकही हात नाही.

जुना_फिटर

माझा मुलगा बी.ई. आहे. हात वर नाही करणार. आम्ही कंपनीत होतो तेव्हा सगळ्यांचं एकच होतं, पोरगं ऑफिसात बसलं पाहिजे. कॉलनीत एकाचा मुलगा स्वतःहून वेल्डर झाला तर बाप कुणाला सांगायचा नाही. तो मुलगा आज आखातात पाइपलाइनवर आहे आणि बाप तेवढंच सांगतो.

कुपवाड_वर्कशॉप

माझा धाकटा आयटीआय टूल अँड डाय करतोय. उशिरा वाचलं, पण हात वर.

सरळसोट

मानलं. मागं पगारावरून बोललो ते मात्र मागं घेत नाही.

माणदेशी_मोगरा

लग्नाचं कुणी बोलेना. गावाकडं आता पोरगी देताना विचारतात नोकरी कुठं, शेती किती, पुण्यात फ्लॅट हाय का. आयटीआय म्हटलं की पुढचं वाक्य असतं "कंपनी कायम आहे का?". बी.ई. होऊन घरी बसलेला चालतो, आयटीआय होऊन महिना २५ कमावणारा चालत नाही. वहिनी जेवत नाहीत त्याचं कारण फिजिक्स नसणार, हे असणार.

कृष्णाकाठची

मोगरा, नेमकं! वहिनीचं माहेर शिकलेलं, तिच्या दोन्ही भावांची मुलं इंजिनिअर. तिला भीती वाटते ती लग्नकार्यातल्या "तुमचा काय करतो?" ह्या प्रश्नाची. आणि हे ती बोलूनही दाखवते, लपवत नाही.

महावितरणी

इलेक्ट्रिशियनच घेणार असेल तर दोन ओळी माझ्या. आमच्याकडं महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक म्हणून घेताना इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं आयटीआय लागतं. पहिली तीन वर्षं ठोक मानधन, मग तंत्रज्ञ. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटलाही दहावी आणि आयटीआयवर अर्ज करता येतो. म्हणजे इलेक्ट्रिशियनला सरकारी वाटा बऱ्या आहेत. पण जागा निघतात कधी, अर्ज किती, हे विचारू नका. आणि पावसात खांबावर चढायचं काम आहे. आमच्यातली माणसं दरवर्षी जातात, चालू लाइनवर. त्याच्या आईला हे आधी सांगा, नंतर कळलं तर जास्त त्रास.

खाजगी काम करायचं असेल तरी आयटीआयनंतर वायरमनचा परवाना काढून घ्यावा. परवाना नसलेला गावभर वायरिंग करत फिरतो, पण कागदावर सही करता येत नाही, मग सही दुसऱ्याची आणि पैसे पण दुसऱ्याला.

दहावी_ब

सरकारी आणि खाजगी आयटीआयत फरक किती? आमच्या तालुक्याला खाजगी दोन निघालेत, पत्र्याच्या शेडात.

लेथवाली

फीचा फरक मोठा. पण त्याहून महत्त्वाचं, प्रवेश घेण्याआधी एक चक्कर मारा, प्रॅक्टिकलच्या वेळेत. मशीन चालू आहे की कव्हर घातलेलं आहे ते बघा. पोरांच्या कपड्यांना तेल लागलंय का बघा. सरकारीतही काही ठिकाणी ट्रेडला निदेशकच नसतो, जागा रिकामी, शेजारच्या ट्रेडचे सर दोन्ही बघतात. हे वेबसाइटवर दिसत नाही.

आकडेमोड

+१. ज्या ट्रेडला जायचं त्याच ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांशी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोला. मिळेल ती माहिती तिथेच.

कृष्णाकाठची

सगळ्यांचं वाचून दादाला पाठवत होते. काल दादा आणि भाचा दोघं जाऊन आले, सरकारी आयटीआयला. ओळख काढली नाही, सरळ गेले. निदेशक भले निघाले, इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये नेलं. दुसऱ्या वर्षाची पोरं मोटरच्या कॉइल भरत होती. भाच्यानं बघितलं आणि एका पोराला सांगितलं की तुझी कॉइल उलटी पडलीय. ती खरंच उलटी होती. दादा मला फोनवर हे तीनदा सांगत होता, जरा मोठ्यानं, म्हणजे वहिनीला ऐकू जावं.

ठरलं ते असं. क्लास बंद, त्याचे उरलेले पैसे मिळणार नाहीत असं क्लासवाल्यानं आधीच सांगितलंय. अकरावी मात्र पास व्हायची, ह्याला भाचा कसाबसा तयार झाला. दुपारी कॉलेज, संध्याकाळी दुकान. फिजिक्ससाठी गावातल्या एका निवृत्त सरांकडे जाणार आहे, त्यांना पाटी_पेन्सिल सरांची पोस्ट वाचून दाखवली, ते हसले आणि मोटर घेऊन ये म्हणाले. जूनमध्ये आयटीआय आणि पॉलिटेक्निक दोन्हीचे फॉर्म भरायचे. सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियन लागलं तरच एलसी काढायची, नाहीतर बारावी. वहिनीची अट एकच, आयटीआय झालं तरी भाषेचे पेपर देऊन बारावीचा कागद घरात आला पाहिजे. ती अट मी लिहून घेतलीय, भाच्याची सही घेऊन.

डिप्लोमा_वायडी

पॉलिटेक्निक लागलं तर सुट्टीत गणिताचं पहिलं पुस्तक आधीच उघडायला सांगा. एवढंच.

वाळूजकर

चांगलं ठरलं. एकच सांगतो, अप्रेंटिसला कुठल्या कंपनीत जायचं ते ठरवताना तिथल्या मागच्या बॅचच्या पोरांचं काय झालं ते विचारायचं. मोठ्या नावाला भुलायचं नाही.

पाटी_पेन्सिल

निवृत्त सरांना नमस्कार सांगा. मोटर कशी समजावली ते जमलं तर इथं लिहायला सांगा, वर्गात वापरीन.

सायली_पुणे

छान! पण ॲप्टिट्यूड टेस्टही करून घेतली असती तर...

चहाबाज

कॉइल उलटी पडलीय हे ओळखलं त्यानं, सायलीताई. झाली टेस्ट.

नवी_सदस्या_सोलापूर

नमस्कार, आजच सदस्य झाले. धागा पूर्ण वाचला. माझ्या मुलीला दहावीला ८१ टक्के आहेत आणि तिला बेकरीचं शिकायचंय, ह्यांना फार्मसी हवं आहे. इथंच विचारू का?

चहाबाज

नवा धागा काढा. इथं आता कुपवाडकर आणि सरळसोट ह्यांचं पगारावरून परत सुरू होईल. आणि हो, मुलीनं केलेल्या केकचा फोटो टाका, नाहीतर कुणी उत्तर देणार नाही.